पुऱ्या बाह्यांचा सदरा

"दोरा घरात ठेवू नको गो येसू. पोराचं माप पोराच्या अंगावर जाऊ दे. घरात राह्यलं तर पोर तितकंच राह्यतं."

हा आवाज जानकीबाईचा, येसूबाईच्या सासूचा. तिला जाऊन सव्वीस वर्षं झाली. पण मशीनच्या पायडलवर पाय ठेवला की तो अजून पाठीमागून यायचा, गालात सुपारी धरून बोलल्यासारखा, अर्धा मऊ, अर्धा दरडावणारा.

वरंधच्या वर, घाटाचा रस्ता सोडून चढण चढली की अठरा घरांची वाडी लागते. त्या वाडीतल्या मुलग्यांचे कपडे आधी जानकीबाईने शिवले, मग येसूबाईने. बायकांचे झंपर, पोरींचे परकर खालच्या वाडीत जायचे. इथं यायची ती बाराव्या दिवसाच्या बारशाची कुंची, रांगत्या पोराचं झबलं, शाळेची खाकी चड्डी आणि गणपतीचा सदरा. टेप मशीनच्या खणात होती, पण पोराला टेप लावायची नाही ही घरची रीत. पांढरा दोरा हळदीच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा आणि पोराला उंबऱ्याच्या आतल्या अंगाला उभं करायचं. निजलेल्या पोराचं माप घ्यायचं नाही. एकाच दोऱ्यावर तीन गाठी. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत सदऱ्याची उंची, तिथून दुसरीपर्यंत छाती, तिथून तिसरीपर्यंत बाही. सदरा शिवून झाला की तोच दोरा खालच्या दुमडीत ठेवायचा, दोन्ही टोकांना लाल धाग्याचा एकेक टाका घालायचा आणि वरून टीप मारायची. माप पोराचं पोराकडं परत गेलं.

जानकीबाई माप घेताना गुणगुणायची.

*माप घेते मी बाळाचं, उंबऱ्याशी उभा केला*
*बोटभर वाढला गो, दोरा मला उणा झाला*

आता वाडीत शाळेत जाणारी पोरं सात उरली होती आणि सातही जणांचे कपडे महाडच्या बाजारातून, छातीवर वाघ नाहीतर मोटार छापलेले, तयार यायचे. वर्षाकाठी एखादी कुंची. बाकी मशीनवर चादर. पण एक सदरा कधी चुकला नव्हता. तो हृतिकचा, येसूबाईच्या एकुलत्या नातवाचा.

हृतिकचा बाप भरत मुंबईला गोदामात कामाला. दोन वर्षांपूर्वी गणपतीला तो, त्याची बायको दर्शना आणि पोरगा असे तिघं आले होते. मागल्या वर्षी आले नाहीत. रजा नाय, म्हणाला. माप मात्र आलं होतं, आणि येसूबाईने सदरा शिवून धाडला होता. या वर्षीही श्रावण सरता सरता दत्ताराम दारात उभा राहिला. दत्ताराम मुंबई ते वरंध गाडी मारायचा आणि माणसांबरोबर वाडीचे निरोप, डबे, पिशव्याही आणायचा.

"काकी, घे तुझा मुंबईचा माल," त्याने काडेपेटी पुढे केली.

"माल कसला रे, माप हाय."

"माप होय. मी म्हटलं इतकी हलकी काडेपेटी, भरतने बिडी सोडली की काय."

"तू सोडलीस काय?"

"मी गाडी सोडली तर बिडी सुटंल," दत्ताराम हसला आणि मग उगाच चपलेने पायरीवरचं शेवाळ खरडत राहिला. "काकी, सदरा झाला की फोन कर. घाई नाय."

"घाई नाय कशी? गणपती दहा दिवसांवर आलाय."

त्याने चपलेचं शेवाळ झटकलं. चढण उतरून गेला.

येसूबाईने मशीनवरची चादर काढली. कापड तिने आधीच आणून ठेवलं होतं, आभाळी रंगाचं, बारीक चौकड्यांचं. हृतिक आता दहाचा. या वयात पोरगा पावट्याच्या वेलासारखा चढतो, म्हणून तिने अर्धा हात कापड जास्त घेतलं होतं. तिने कापड पाटावर पसरलं, काडेपेटी उघडली आणि दोरा त्यावर ताणून धरला. खडूने खूण केली. मग थांबली.

खूण फार खाली नव्हती. मागल्या वर्षी जिथं आली होती, तिथंच आली होती.

तिने चष्मा पुसला, दोरा दाराच्या उजेडात नेला. टोकाला लाल धाग्याचं तूस होतं. दुसऱ्या टोकालाही. टाका उसवताना राहून गेलेलं, सुईच्या टोकाएवढं. हा दोरा तिनेच दुमडीत घातला होता. तिच्याच हाताने, मागल्या गणपतीच्या आधी. कुणीतरी सदऱ्याची दुमड उसवून तो बाहेर काढला होता आणि नवं माप म्हणून तिच्याकडं परत धाडला होता.

आणि हळद तश्शीच होती. झेंडूसारखी पिवळी. दुमडीतला दोरा चार वेळा धुतला की फिका पडतो, घामाने काळवंडतो. याला पाण्याचा थेंब लागला नव्हता. म्हणजे मागल्या वर्षीचा सदरा धुतला नव्हता. म्हणजे घातलाच नव्हता.

येसूबाई कापडापाशी बसून राहिली. पागोळ्या गळत होत्या. एक कोंबडी आत येऊन कापडाच्या कडेवर उभी राहिली, तरी तिने तिला हाकललं नाही.

संध्याकाळी दिवा लावून तिने भरतला फोन लावला.

"आये, माप मिळालं?"

"मिळालं. हृतिकला दे जरा."

"तो खाली खेळाय गेलाय."

"पावसात?"

"बिल्डिंगच्या आत खेळतात गो इथं." भरतचा आवाज जड होता, जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखा. दारूचा वास फोनमधून येत नाही, पण आईला येतो. "खूप वाढलाय आये. माझ्या खांद्याला लागतो."

येसूबाईच्या बोटांत दोरा होता. त्याच्या तीन गाठी तिच्या तीन बोटांवर होत्या.

"खांद्याला?"

"हां. तू बघितलंस तर ओळखणार नायस."

"बरं," ती म्हणाली. "जेव. उपाशी निजू नको." आणि फोन ठेवला.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. ज्या पोराचं माप घेता येत नाही, ते पोर कुठं असतं? याचं एकच उत्तर तिला येत होतं आणि ते ती स्वतःशीही बोलत नव्हती. कापड तिने गुंडाळलं नाही. तसंच पसरलेलं ठेवलं, त्याच्या बाजूबाजूने चालली.

रविवारी शेजारची रूपाली आली. रूपाली महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. फाट्यावरून कंपनीची बस धरायची, आठवड्याला पाळी बदलायची. तिच्या बहिणीला मुलगा झाला होता.

"काकी, कुंची पाहिजे बाराव्याला. आतून जुनंच कापड लाव हां, आजीच्या लुगड्याचं आणलंय." तिने लुगड्याचा तुकडा पुढे केला आणि तिची नजर पाटावरच्या आभाळी कापडावर गेली. "हे कुणाचं?"

"हृतिकचं."

रूपालीने नजर काढून घेतली आणि लुगड्याच्या तुकड्याची घडी घालत राहिली.

येसूबाईने दोरा तिच्यासमोर धरला. "मागल्या वर्षीचं माप, या वर्षीचं माप. दोन्ही एकच. वर्षभरात पोरगं गहूभर वाढलं नाय. असं कधी होतं, रूपाली?"

"काकी..."

"तू शिकलेली हायस. सांग."

रूपालीने मशीनचं चाक उगाच अर्धं फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. "हृतिक चांगला हाय काकी," ती हळू म्हणाली. "चांगला वाढलाय. तू नको ते मनात आणू नको."

येसूबाईने डोळे मिटले.

"तू बघितलास?"

"दर महिन्याला बघते. दर्शनावहिनी आमच्याच सेक्शनला हाय. मागल्या गणपतीच्या चार दिवस आधी ती पोराला घेऊन मुंबईहून आली. माहेरी तुडीलला दोन महिने राह्यली, मग वसाहतीच्या नाक्यावरच्या चाळीत खोली घेतली. पोरगं तिथंच शाळेत जातं."

महाड. इथून सव्वा तासावर. येसूबाई चार वेळा महाडला जाऊन आली होती वर्षात. हे आभाळी कापडही तिने तिथंच घेतलं होतं.

"तू मला सांगितलं नायस."

"वहिनीने शपथ घातली. भरतदादाला पत्ता लागू नये म्हणून." रूपालीने ओढणीच्या टोकाने मशीन पुसलं. "आणि ती म्हणाली, आईंना यातलं काय ठावं नाय, साधं माणूस हाय, त्यांच्या जिवाला कशाला लावायचं. दादा तिला मारायचा काकी. पोरालाही. पट्ट्याने. हे तुला मी सांगायचं नव्हतं."

"कुंची बुधवारी घेऊन जा," येसूबाई म्हणाली.

रूपाली गेल्यावर ती मशीनजवळ बसली. आईंना यातलं काय ठावं नाय. हे वाक्य तिने मनात एकदा उलटून पाहिलं, एकदा सुलटून. कापडाची सुलट बाजू शोधावी तसं.

तिला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या दुपारी भरत मूर्ती आणायला खाली गेला होता. दर्शना चुलीशी उकडीचा अंदाज घेत होती. येसूबाईने हृतिकला उंबऱ्याशी उभं केलं, अंगातला टीशर्ट काढायला लावला आणि दोरा त्याच्या डाव्या खांद्यावरून खाली सोडला. दंडावर तीन वळ होते. दोन पिवळे पडलेले, एक ताजा, जांभळ्या रंगाचा, पट्ट्याच्या रुंदीचा. मनगटाच्या वर आणखी एक. दोरा त्या वळांवरूनच गेला. पोरगं भिंतीकडं बघत होतं, श्वास धरून, आजी आता काय विचारते म्हणून.

आजीने विचारलं, "बाही अर्धी करू की पुरी?"

"अर्धी," हृतिक म्हणाला. "आजी, अर्धी. गरम होतं."

तिने पुरी केली. मनगटावर बटणाची पट्टी लावून, घट्ट. आरतीला शेजारपाजारचे जमले तेव्हा पोरगं नव्या सदऱ्यात उभं होतं, टाळ वाजवत, घामाने निथळत. सगळे म्हणाले, काय शिवलंय येसूबाईने. भरतही म्हणाला.

काशीराम, तिचा नवरा, जाऊन बारा वर्षं झाली. त्याचा चामडी पट्टा अजून खुंटीला होता. काशीराम घरात पाऊल टाकायचा तेव्हा लहानगा भरत मशीनखाली शिरायचा, पायडलच्या मागे, आणि येसूबाई टीप मारत राहायची. मशीनचा आवाज मोठा असला की बाकीचे आवाज कमी ऐकू येतात.

तिने खुंटीकडं बघितलं नाही. आभाळी कापडाची घडी केली, एक पांढरा दोरा हळदीत बुडवून दारावर वाळत टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने निघाली.

बस वसाहतीजवळच्या बिरवाडीकडं वळली तेव्हा पहिली पाळी सुटत होती. मोटारसायकली, कंपन्यांच्या बसा, हातात डबे घेतलेली माणसं. नाक्यावर उतरून तिने रूपालीने सांगितलेली चाळ विचारली. सहा खोल्यांची, वर पत्रे, पुढे सामायिक नळ. शेवटच्या खोलीच्या दारात दर्शना तांब्याने पायावर पाणी घेत होती. अंगावर अजून कंपनीचा निळा कोट होता. केसांना औषधाचा कडवट वास.

तिने वर पाहिलं आणि तांब्या तसाच हातात राहिला.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाय. भरतला ठावं नाय मी आले ते."

दर्शनाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग बाजूला सरली. "या आत."

खोलीत एक लोखंडी कॉट, गॅस, कोपऱ्यात दप्तर. भिंतीवर शाळेचं वेळापत्रक. दर्शनाने चहा टाकला.

"रूपालीने सांगितलं ना?"

"दोऱ्याने सांगितलं," येसूबाई म्हणाली, आणि तिने जुना दोरा, लाल तूस, न धुतलेली हळद, सगळं सांगितलं. दर्शना ऐकत राहिली. तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं, पण ते हसू नव्हतं.

"मागल्या वर्षी माप मीच घेतलं होतं," ती म्हणाली. "धाडलं, आणि आठवड्याने बाहेर पडले. सदरा आला असेल तेव्हा आम्ही नव्हतो." तिने चहा गाळला. "तो दुमड उसवत बसला असेल, आई. एकटा. मला ते डोळ्यांसमोर येतं. पण मी परत जायची नाही."

"मी न्यायला आले नाय."

"मग?"

येसूबाईने पिशवीतून कापड काढलं. "गणपती आलाय. माप घ्यायचं होतं. तू नाय म्हणालीस तर जाते."

दर्शना कापडाकडं बघत राहिली. बोटाने एक चौकडी चाचपली. "तुडीलला माझी आई म्हणाली, त्या घरातलं सूतसुद्धा आता दारात नको. मी म्हटलं, त्या म्हाताऱ्या माणसाचा काय दोष? त्यांना काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्या उठल्या असत्या, पोटच्या पोराचा हात धरला असता. मी हेच धरून बसले आई. त्या घरात एक तरी माणूस आपलं होतं, एवढंच." तिने डोळे कोटाच्या बाहीला पुसले. "म्हणून तुम्हाला आत घेतलं. दुसरं कुणी असतं तर दारातून परत धाडलं असतं."

येसूबाईने कप खाली ठेवला. बोलायचं झालं तर ते आत्ताच होतं, आणि नाही बोललं तरी चालणार होतं. माप मिळणार होतं. या गणपतीला, पुढच्या गणपतीलाही. गप्प राहण्याएवढं सोपं काम तिला आयुष्यात दुसरं आलं नव्हतं.

तेवढ्यात हृतिक आला. दप्तर दारातच टाकून, बूट न काढता. आजीला पाहून तो थबकला, आधी आईच्या तोंडाकडं बघितलं, मग आजीच्या मागं दाराबाहेर. आणखी कुणी आलंय का, ते. कुणी नव्हतं. मग त्याचे खांदे खाली आले.

"आजी," तो म्हणाला.

तो खरंच वाढला होता. बापाच्या खांद्याला लागेल एवढा. भरतने न बघताच बरोबर सांगितलं होतं.

"आजीला माप घेऊ दे," दर्शना म्हणाली. "सदरा शिवतायत."

"सदरा नको. टीशर्ट घालतो मी."

"गणपतीपुरता घाल रे."

हृतिक येऊन उंबऱ्याशी उभा राहिला. इथला उंबरा म्हणजे काळ्या फरशीची एक पट्टी. त्याने शाळेचा शर्ट काढला. येसूबाईने दोरा खांद्यावरून सोडला. पहिली गाठ. छातीभोवती नेला. दुसरी गाठ. पोराच्या छातीत काहीतरी भराभर उडत होतं, दोऱ्यातून बोटांना कळत होतं. मग डावा हात. दंड स्वच्छ होता. मनगटाच्या वर तेवढा एक पांढरट पट्टा राहिला होता, माहीत नसेल तर दिसणार नाही असा. माहीत असलेल्याला दिसत होता.

जुनी ओवी तिच्या ओठांशी आली आणि दुसरीच होऊन आत गेली.

*दोऱ्याला गाठी तीन, चौथी माझ्या गळ्यापाशी*
*सुटंना ती कुणाला, सांगू कुण्या देवापाशी*

"बाही अर्धी करू की पुरी?" तिने विचारलं.

हृतिक भिंतीकडं बघायला लागला. अगदी तेव्हासारखा, श्वास धरून. आणि येसूबाईला कळलं की या खोलीत ती गोष्ट तिला एकटीलाच ठाऊक नव्हती. दहा वर्षांच्या या पोराला दोन वर्षं ठाऊक होती. आजीने बघितलं होतं आणि विचारलं होतं ते बाहीचं. त्याने आईलाही सांगितलं नव्हतं. आईजवळ एक तरी माणूस राहू दे, म्हणून असेल. किंवा पोरं असंच ठेवतात, म्हणून असेल.

"अर्धी," तो भिंतीला म्हणाला.

"त्या वर्षीही तो अर्धीच मागत होता," दर्शना कप विसळता विसळता म्हणाली. "आठवतं? घामाने नुसता भिजला होता आरतीला. मी म्हटलं, आईंना लांब बाही चांगली दिसते, म्हणून असेल."

येसूबाईच्या हातातला दोरा खाली पडला. तिने तो उचलला नाही. तिसरी गाठ मारायची राहिली होती.

"चांगली दिसते म्हणून नाय गो," ती म्हणाली. "दर्शना, इकडं बघ. कप ठेव. मला ठावं नव्हतं असं नाय. त्या दुपारी याच हाताचं माप घेताना मी वळ बघितले होते. चार होते. तू चुलीशी होतीस. मी तुला हाक मारली नाय, भरतला विचारलं नाय. वळ झाकावे म्हणून बाह्या पुऱ्या केल्या. भरतलाही लहानपणी मी पुऱ्या बाह्याच शिवायची."